शैलाच्या नावच्या फुल्या

संयुक्त महाराष्ट्र समितीने बुधवारी हरताळ पुकारला आणि त्याचा पहिला फायदा राधाबाईने उठवला.

एरवी राऊळांच्या घरातली माणसं एका वेळी एका जागी सापडणं कठीण. दत्ताराम आणि त्याचा थोरला मुलगा कोंडीराम एकाच गिरणीच्या साचाखात्यात, म्हणजे मागांवर, पण वेगळ्या पाळ्यांना. धाकटा हेमचंद्र विम्याच्या कचेरीत कारकून, गिरगावात खोली घेऊन राहिलेला. आज गिरणी बंद, कचेरी बंद, ट्रामसुद्धा बंद. राधाबाई ही दत्तारामची थोरली लेक. पंधरा वर्षांपूर्वी विधवा झाली तेव्हापासून मालवणच्या घरात एकटी. दिवाळीला म्हणून मुंबईत आली ती डिसेंबरपर्यंत राहिली होती आणि परवा, शुक्रवारच्या बोटीने परत जाणार होती. जाताना कोंडीरामच्या सहा वर्षांच्या शैलाला बरोबर नेणार होती. म्हणजे तिचं ठरलं होतं. बाकीच्यांचं ठरवून घ्यायचं तेवढं उरलं होतं.

हेमचंद्र गिरगावातून लालबागपर्यंत चालत आला. जो मुलगा ट्राम चालू असताना आईच्या तापाला आला नाही, तो हरताळात चालत आला, याची सुंदराबाईने मनात नोंद केली आणि चहाचं आधण ठेवलं. सुंदराबाई अशा नोंदी तोंडाने बोलून दाखवत नसे. चाळीस वर्षं संसार रेटलेल्या बाईला कोण कशासाठी आलंय हे त्याच्या चपला काढण्यावरून कळतं.

सकाळी दहा वाजता घरातली मोजदाद अशी होती. राधाबाईचं मत, पोरीला बाहेरचं लागलंय, गावच्या भगताकडे न्यायची. हेमचंद्रचं मत, पोर बहिरी आहे, मुक्याबहिऱ्यांच्या वसतिशाळेत घालायची. सुंदराबाईचं मत, काय ते एकदाचं ठरवा. कोंडीराम गप्प. त्याची बायको बकुळा हिला कोणी विचारलं नव्हतं. दत्तारामला विचारायचं तर तीन वेळा ओरडावं लागे, म्हणून त्यालाही नाही. साचाखात्यात पस्तीस वर्षं काढल्यावर कान राहत नाहीत. त्याच्याशी बोलताना घरातल्या सगळ्यांना मोठ्याने बोलायची सवय लागली होती, आणि कोंडीरामचेही कान त्याच वाटेवर होते. राऊळांकडे मीठ मागितलं तरी ते चाळीच्या जिन्यापर्यंत ऐकू जाई.

आणि जिच्याविषयी हे चाललं होतं ती शैला आतल्या खोलीच्या उंबऱ्याशी, भिंतीकडे तोंड करून, गिरणीतली सुताची बॉबिन मांडीवर फिरवत बसली होती. अंगात बापाची जुनी, विरलेली बनियन, तीही उलटी, शिवण बाहेर.

"पयल्यांदा त्या चेडवाच्या अंगार धड कायतरी घाला," राधाबाई म्हणाली. "आज सणासुदीक सगळे घरात, आणि ह्या काय ध्यान?"

"आज सण नाही वन्सं, हरताळ आहे," बकुळा स्वयंपाकाच्या ओट्यावरून म्हणाली.

"सगळे घरात म्हणजे सणच."

हेमचंद्रने चहा संपवला, रुमालाने ओठ टिपले आणि कचेरीत साहेबांपुढे कागद ठेवावा तशा आवाजात सुरुवात केली. "दादा, भावनेचा प्रश्न बाजूला ठेवू. सहा वर्षांची मुलगी. हाक मारली तर बघत नाही. चार शब्द बोलते, तेही रोज नाही. हे बहिरेपण आहे. त्यासाठी शाळा आहे. मुलं तिथेच राहतात. माझ्या ओळखीचे एक गृहस्थ आहेत, ते रविवारच्या आत काम करून देतात म्हणाले."

"रविवारच्या आत?" सुंदराबाईने विचारलं.

"लवकर झालेलं बरं."

सुंदराबाईने दुसरी नोंद केली. रविवारी हेमचंद्रला मुलगी देऊ केलेली माणसं घर बघायला येणार होती.

राधाबाई उसळली. "बहिरी? काल रात्री मी सुपारी फोडली तर कानार हात ठेवन किंचाळली! बहिऱ्याक सुपारी आयकाक येता? बाधा आसा ती. दर अवसेक बघ, कशी करता."

"आक्का, बाधाबिधा काही नसतं."

"मगे तुझ्या इम्याच्या कागदार लिवन दी, नसतं म्हणान!"

"आपण प्रयोग करू," हेमचंद्र उठला. शिंकाळ्याखालचं पितळी ताट त्याने घेतलं, दुसऱ्या हातात पळी घेतली आणि चोरपावलांनी शैलाच्या पाठीमागे गेला. बकुळा "भावोजी, नको" म्हणेपर्यंत त्याने ताट वाजवलं. समोरच्या खोलीतलं बाळ रडायला लागलं. दत्तारामसुद्धा दचकला. शैला जागची हलली नाही. बॉबिन तेवढी थांबली.

"झालं?" हेमचंद्रने ताट खाली ठेवलं. त्याच्या चेहऱ्यावर हिशेब जुळलेल्या माणसाचं समाधान होतं. "आता सांगा, ऐकू येतं का?"

कोंडीरामने मान खाली घातली. राधाबाई गोंधळली. तिला पोर बहिरी असलेली नको होती. बहिरीला भगत काय करणार? या घटकेला मोजायचं तर हेमचंद्रकडे दोन माणसं झुकली होती आणि तिसरी झुकायच्या बेतात होती.

बकुळाने मांडणीवरचा डबा उतरवला, त्यातली एक लिमलेटची गोळी काढली, आणि घराच्या दुसऱ्या टोकाला, दाराशी जाऊन, सगळ्यांकडे पाठ करून तिचा कागद सोडला. इतका हळू की शेजारी बसलेल्या कोंडीरामला काही कळलं नाही.

शैलाने मान वळवली. उठली, माणसांच्या मधून वाट काढत दाराशी गेली, हात पुढे केला.

राधाबाई म्हणाली, "बघलंस? मी काय सांगी होतंय?"

"भावोजी, तुम्ही ताट घेतलंत तेव्हाच तिने खांदे वर घेतले," बकुळा म्हणाली. आवाज बारीक होता, पण घर पहिल्यांदाच गप्प असल्यामुळे सगळ्यांना ऐकू गेला. "आता मोठं काहीतरी होणार हे तिला कळलं होतं. तिला कमी ऐकू येत नाही. फार येतं. इतकं की शेवटी ती आतून दार लावून घेते. तुम्ही हाक मारता, ती बघत नाही, म्हणून तुम्ही आणखी मोठ्याने मारता. मग ती आणखी आत जाते."

"हे तुम्हाला कोणत्या डॉक्टरांनी सांगितलं, वहिनी?"

"तीन डॉक्टर झाले. एक म्हणाले टॉनिक द्या, एक म्हणाले वयात आली की सुधारेल, तिसऱ्यांनी माझंच डोकं तपासलं. म्हणून मीच लिहायला लागले."

ती भिंतीशी गेली आणि कापडाच्या दुकानाचं कॅलेंडर खिळ्यावरून उतरवून मधोमध ठेवलं. कोंडीराम त्याच्याकडे रोज बघत होता. त्यावरच्या कोळशाच्या फुल्या म्हणजे दूधवाल्याचे खाडे, अशी त्याची अकरा महिने समजूत होती.

"हे खाडे नव्हेत?" त्याने विचारलं.

"दूधवाला अकरा महिन्यांत सत्तेचाळीस वेळा आला नाही, आणि तुम्ही त्याला काही बोलला नाहीत?"

सुंदराबाई हसली. मग आपण सुनेच्या बाजूने हसलो हे लक्षात येऊन तिने चहाची भांडी गोळा केली.

"ही प्रत्येक फुली म्हणजे तिचा एक वाईट दिवस," बकुळा म्हणाली. "डोकं आपटलं, स्वतःला चावली, जेवली नाही, असा. जानेवारीतले गोळीबाराचे दिवस धरले नाहीत. तेव्हा घाबरायला वेगळं कारण लागत नव्हतं. वन्सं, तुम्ही म्हणता अवस. बघा. अवसेला फुल्या दोन. त्यातली एक दिवाळीची, फटाक्यांची; दुसरी रविवारी आलेली."

राधाबाईने वाचता येत नसूनही कॅलेंडर जवळ ओढलं.

"चार फुल्या नव्या फ्रॉकच्या. तिला शिवण टोचते. आपल्याला खडा टोचावा तशी, दिवसभर. म्हणून बनियन उलटी. दोन फुल्या पाहुण्यांनी उचलून पापे घेतले त्या दिवशीच्या. एक कशाची ते मला अजून कळलेलं नाही. बाकीच्या चाळीस." ती थांबली. पुढचं तिने कोणाला कधी सांगितलं नव्हतं, आणि ते वेड्यासारखं वाटेल हे तिला माहीत होतं. "एकतीस रविवारच्या. सहा हरताळाच्या. तीन सणांच्या. चाळीसच्या चाळीस दिवस गिरणी बंद होती."

"सुट्टीच्या दिवशी माणसं घरात असतात," हेमचंद्र म्हणाला. तो मूर्ख नव्हता. "गर्दीने होत असेल."

"मलाही तसंच वाटलं. म्हणून दोन रविवार तिला घेऊन इथे एकटीच बसले, बाकी सगळे आईंच्या भावाकडे गेले होते तेव्हा. तरी फुली आली. आणि गिरणी चालू असली की घरात दहा माणसं आली तरी एवढं होत नाही. पण का, ते मला सांगता येत नाही."

चाळीची मागची भिंत गिरणीच्या साचाखात्याला लागून होती. पाळी चालू असली की ती भिंत दिवसभर घरघरत असे, मांडणीवरची भांडी बारीक थरथरत असत. राऊळांना ती घरघर इतकी अंगवळणी पडली होती की ती बंद पडल्यावरच जाणवे. आज भिंत गप्प होती. त्यामुळे शेजाऱ्याचा खोकला, नळाखालची बादली, खालच्या मजल्यावर कोणी वाटण वाटत होतं ते, सगळं सुटं सुटं ऐकू येत होतं.

"बाबांक इचार," सुंदराबाई एकदम म्हणाली.

कोणीच कधी बाबांना विचारत नसे, त्यामुळे ते काम कोणाचं हे ठरेना. शेवटी कोंडीरामने बापाच्या कानाशी तोंड नेलं आणि दोन दमांत सगळं ओरडून सांगितलं. शैलाने खांदे वर घेतले. या वेळी ते सगळ्यांना दिसलं.

दत्तारामने तपकिरीची डबी मिटली. "तेतूर काय कठीण आसा? खात्यात साडेचारशे साचे चालतत. धोटो मारता खटाखट, खटाखट. पयल्या दिवशी वाटता डोक्यां फुटात. मगे सगळो आवाज एक जाता आणि तेच्या पोटात माणूस सुखान काम करता. एकदम पट्टो तुटलो, चार साचे बंद पडले, काय दचकतत सगळे! आवाज सारखो आसलो तर बरो. मदीच येता आणि मदीच जाता, ता वायट. ह्या चेडवाक भिंत व्हयी आसता. गिरण तिका पांघरूण घालता."

इतकं बोलून तो नातीकडे वळला. तिच्याशी बोलताना त्याने आवाज काढलाच नाही. दोन बोटं ओठांना लावली, मनगट वळवलं, भुवया उडवल्या. साचाखात्यात आवाजाच्या वर बोलणं होत नाही. तिथे ओठ आणि हात बोलतात. धागा तुटला, कांडी संपली, जॉबर म्हणजे मुकादम आला, घरी पोरगा झाला, सगळं हाताने. शैला उठली, मोरीजवळच्या कळशीतून तांब्या भरला आणि आजोबासमोर आणून ठेवला. मग तिने मूठ छातीशी नेली आणि उघडली. दत्तारामने मान हलवली आणि तिच्या बॉबिनला सुटलेला धागा पुन्हा गुंडाळून दिला.

"ह्या कवापासून?" सुंदराबाईने विचारलं. मग ते नवऱ्याला ऐकू गेलं नाही म्हणून बोटांनी विचारलं. चाळीस वर्षांत तिलाही ती भाषा आली होती, भांडायपुरती.

"झाली दोन वर्सां."

"आणि सांगूक नाय?"

"माका कोणी इचारला?"

हेमचंद्रने चष्मा काढून पुसला. कारकुनी माणसाचं एक बरं असतं, कागद चुकीचा निघाला तर तो निदान खाली ठेवतो. "म्हणजे ती बोलते," तो म्हणाला. "फक्त आपल्याशी नाही."

बकुळाला वाटलं, झालं. पोर राहिली. एवढ्यात रस्त्यावरून मोर्चा आला.

आधी लांबून आला, मग वळणावर फुटला. "मुंबईसह संयुक्त महाराष्ट्र," आणि मागून शेकडो गळे, "झालाच पाहिजे!" बायका थाळ्या बडवत होत्या. कोणीतरी पत्र्याचा डबा आणला होता. चाळ गॅलरीत धावली. राधाबाईसुद्धा धावली. मालवणात असं काही बघायला मिळत नव्हतं. हेमचंद्र तिच्या मागोमाग गेला आणि दोन घोषणांनंतर स्वतःच ओरडायला लागला.

आत शैला भिंतीला डोकं आपटत होती. किंचाळत नव्हती. श्वास घेऊन डोकं मागे न्यायची आणि आपटायची, मोजून मापून, गिरणीची उणीव स्वतःच भरून काढत असल्यासारखी.

कोंडीराम पुढे झाला. हा माणूस साच्यावर चौघांचं काम करणारा, पण मुलीजवळ जाताना त्याचे हात परक्याच्या घरात शिरल्यासारखे होत. त्याने हळूच, अगदी हळूच तिच्या केसांवरून बोटं फिरवली. "शैलू, बाळा, मी आहे ना..."

शैलाने त्याच्या मनगटाला कडकडून चावा घेतला.

तो मागे सरला. चाव्याकडे बघत राहिला. मग बकुळाला म्हणाला, आणि त्याचा आवाज गॅलरीत उभ्या असलेल्या बहिणीला ऐकू जाण्याइतका मोठा होता, "न्हेऊ दे तिला. आक्काला न्हेऊ दे. तू सत्तेचाळीस मांडल्यास, माझ्या नावच्या मांडल्या असत्यास तर कॅलेंडर पुरलं नसतं. माझा हात लागला की तिला आग लागते. सहा वर्षांत मी तिला धड उचलली नाही. ज्याला पोर सहन करत नाही त्याने तिला कोणासाठी ठेवून घ्यायची?"

म्हणजे मोठं मत हे होतं. सकाळपासून गप्प बसलेल्या माणसाने ते एकदम टाकलं. राधाबाई दारात येऊन थबकली. तिला हवं ते मिळालं होतं आणि ते अशा रीतीने मिळालेलं तिला आवडलं नाही.

बकुळाने गाद्यांच्या दोन वळकट्या ओढल्या, एक भिंतीला लावली, मुलीला उचलून तिच्या पुढ्यात बसवलं, दुसरी वळकटी तिच्या अंगाला लावली आणि स्वतः पूर्ण भाराने तिच्यावर रेलली. मध्ये शैलाचा फक्त चेहरा दिसत होता.

"मारतंस काय गो चेडवाक!" राधाबाई धावून आली. "आई, ही बघ काय करता ता! गुदमरात ती!"

"वन्सं, थांबा. तोंड मोकळं आहे, नाक मोकळं आहे. तिला नको झालं की ती 'पुरे' म्हणते, तो शब्द तिचा स्वतःचा आहे. मी रोज करते हे, तुम्ही सगळे बाहेर असताना." बकुळाचा श्वास लागला होता. "अहो! तुम्ही काय बघत बसलात? मला एकटीला पुरत नाही. भिंतीकडच्या बाजूला या."

"चावेल."

"हात फिरवू नका म्हणून. हलका हात तिला मुंगी चालल्यासारखा होतो. हात फिरवायचाच नाही. तान्याचा जड बीम उचलताना खांदा लावता ना? तसा खांदा लावा. आणि बोलू नका."

कोंडीरामने खांदा लावला. आधी भीत भीत, मग बकुळाने डोळे वटारल्यावर खरोखरीचा. वळकटी दबली. बाहेर थाळ्यांचा कडकडाट चालूच होता. शैलाने एकदा डोकं मागे नेलं, पण तिथे भिंत नव्हती, गादी होती, आणि गादीमागे बाप. डोकं तिथेच राहिलं. हळूहळू तिच्या मुठी सुटल्या. मग तिचा श्वास लांबला. कोंडीरामला तो वळकटीतून खांद्यावर कळला, साच्याची चाल हाताला कळते तसा.

"माझ्या अंगावर टेकलीय," तो कुजबुजला. त्याला कुजबुजता येतं हे घराला आजच कळलं.

"टेकलीय. आणि बनियन रोज तुमचीच मागते. मायेपोटी मागते असं मी म्हणणार नाही, विरलेली आहे म्हणून मागते. पण भावोजींची विरलेली दिली होती, ती फेकून दिली."

मोर्चा परळकडे गेला तसे सगळे आत आले. खोलीत एक नवल होतं. नवरा-बायको भर दिवसा गाद्यांना खांदे लावून बसलेली आणि मध्ये पोर पेंगत होती.

"आक्का," कोंडीराम हळू म्हणाला, "शैला नाही येणार बोटीने."

"आत्ताच तर न्हे म्हणालस!"

"आत्ताचं आत्ता गेलं."

राधाबाईने मोठ्या आवाजात काहीतरी सांगायला तोंड उघडलं, शैलाकडे बघितलं, आणि ते तोंड तसंच मिटलं. ती भिंतीला टेकून बसली. गावच्या देवळात तिने आधीच गाऱ्हाणं घालून ठेवलं होतं, शेजारणीला सांगून ठेवलं होतं की आता घरात लहान पोर येणार. भगताचं निमित्त होतं, असं आता कोणी तिला म्हटलं असतं तर ती भांडली असती. पण कोणी म्हटलं नाही. सुंदराबाईने तिच्या गुडघ्यावर हात ठेवला फक्त, घट्ट.

"आणि रविवारचं?" हेमचंद्र म्हणाला. घशात घोषणांनी खरखर आली होती. "दादा, मी तिच्या वाईटाचं बोलत नाही. पण ते लोक येणार. ती किंचाळली, उलटी बनियन घालून बसली, तर मी काय सांगू? पुतणी वेडी आहे?"

"अखेर इला भायर," सुंदराबाई म्हणाली. "मी सकाळपासून वाट बघतंय. अरे, माका ताप इलो तेव्हा येऊक नाय तो तू, आणि आज चलत इलस!"

हेमचंद्रचे कान लाल झाले.

"रविवारी बोलवायचेच कित्याक?" सुंदराबाई पुढे म्हणाली. तिने आता नोंदवही मिटून निकाल द्यायला घेतला होता. "शनवारी बोलाव. दिवसपाळीत, अकराक. भिंत चालू आसतली, चेडू सुखात आसतली. कोणी तिचो पापो घेवचो नाय, उचलूची नाय, ता तू जिन्यातच सांग. बनियन आसतली, उलटी. इचारल्यांनी तर सांग, हिका शिवण टोचता. येवढा आयकान जे परत जातले, ते गेलेले बरे. उद्या त्यांच्या चेडवाच्या पोराक पण असाच काय झाला, तर?"

"शनिवारी त्यांना कचेरी असते."

"रजा घेतल्यांनी तर चेडू देवची आसा म्हणान समजायचा."

हेमचंद्रने विचार केला. मग त्याने खिशातून पेन्सिल काढली, कॅलेंडर ओढलं आणि शनिवारच्या चौकटीत बारीक अक्षरात काहीतरी लिहिलं. "वहिनी," तो म्हणाला, "ती एक फुली, कशाची कळली नाही म्हणता, ती कोणत्या तारखेची? मी घरी होतो का तेव्हा?"

"होता. दिवसभर."

"मग बिडीचा वास असेल. मी तेव्हा ओढत होतो."

बकुळाने त्याच्याकडे पहिल्यांदा नीट बघितलं.

दुपार चढली. कोंडीरामचा पाय बधिर झाला, त्याने जरा सरकून पाहिलं तर शैला लगेच चुळबुळली. "कोणीतरी या रे," तो कुजबुजला, "माझा पाय गेला."

राधाबाई उठली. विचारलं नाही, सांगितलं नाही, पदर सावरून वळकटीशी गेली आणि बसायला वाकली. शैलाने नाक आक्रसलं, मान फिरवली, हाताने हवा ढकलली.

"बघ, माका नाय म्हणता," राधाबाई म्हणाली. सकाळच्या सगळ्या भांडणात तिचा आवाज असा झाला नव्हता.

"तुम्हाला नाही वन्सं," बकुळा म्हणाली. "तेल. माक्याचं तेल लावलंय ना तुम्ही? आपल्याला येतो तेवढा वास. तिला नाकात बोट घातल्यासारखा."

राधाबाई तिथेच उभी राहिली. केसांना तेल ही तिची एकुलती एक हौस होती, मालवणहून बाटली भरून आणलेली. मग ती मोरीत गेली. शिकेकाई मागितली. थोरली नणंद, पाहुणी, भर दुपारी मोरीत बसून दोन वेळा डोकं धूत होती, आणि सुंदराबाई तिच्यावर पाणी घालत होती. "शुक्रवारची बोट?" पाणी घालता घालता तिने विचारलं.

"बोटी काय, फुडच्या आठवड्यात पण सुटतत," राधाबाई डोळे मिटून म्हणाली.

ओले केस पंच्यात गुंडाळून ती आली आणि कोंडीरामच्या जागी बसली. खांदा लावला. शैलाने नाक लावून पाहिलं, काही बोलली नाही. "किती जोर लावू गो?" राधाबाईने भावजयीला विचारलं, ओठांनीच जवळजवळ.

"मला नका विचारू. लावून बघा."

राधाबाईने भार टाकला. थोडा, मग आणखी थोडा. पंधरा वर्षं तिच्या अंगाला कोणी इतका वेळ टेकलं नव्हतं. वळकटीच्या पलीकडून शैलाने पाठीने उलटा रेटा दिला, चांगला दणकून, की राधाबाईचा तोल गेला.

"जोराची आसा गो तुझी चेडू," ती म्हणाली, आणि पाय पसरून, अंगठे लादीला रोवून नीट बसली.